टॅबलेटच्या आधी वही: विधिमंडळाचं आधुनिकीकरण कुठून सुरू करावं?

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकचाच, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. काही राज्यांच्या विधानसभा कागदविरहित झाल्याचं वाचलं. महाराष्ट्र विधिमंडळाचं कामकाज आधुनिक करायचं तर सुरुवात कशापासून करावी? आमदारांना टॅबलेट, बटण दाबून मतदान, थेट प्रक्षेपण, यातलं आधी काय? आणि नाशिकच्या साध्या माणसाला त्याचा काय उपयोग?"

माझं उत्तर सरळ आहे. या तिन्हींपैकी एकही आधी नको. सभागृहात सरकारने दिलेल्या उत्तराचा आणि शब्दाचा माग कोणत्याही नागरिकाला शेवटपर्यंत काढता येईल, अशी नोंद आधी उभी राहायला हवी. त्यानंतर विधेयकांना वेळ आणि समित्या, मग आमदारांना अभ्यासाला माणसं. टॅबलेट सर्वांत शेवटी आले तरी चालतील.

मी चोवीस वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या तीन आमदारांकडे स्वीय सहायक म्हणून काम केलं. तिघांचे पक्ष वेगळे, मतदारसंघ वेगळे, काम मात्र तेच. प्रश्नांचे मसुदे लिहायचे, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) तयार करायची, अधिवेशन सुरू झालं की सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि रात्री उत्तरांचा गठ्ठा घेऊन परतायचं. जे सांगते आहे ते या गठ्ठ्यांमधून शिकलेलं आहे.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, कागदावर कसा दिसतो ते आधी पाहा. साचा ठरलेला असतो. (१) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला: "हे खरे आहे", "हे अंशतः खरे आहे", "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही". पहिल्या भागाला "हे खरे नाही" आलं की उरलेल्या तिन्ही भागांना "प्रश्न उद्भवत नाही" लागतं आणि विषय दोन ओळींत मिटतो. म्हणून सगळं कसब पहिला भाग लिहिण्यात. गाव, तारीख, रक्कम यातलं एक जरी चुकलं तरी "खरे नाही" म्हणायला खात्याला जागा मिळते, आणि शब्दशः पाहिलं तर ते उत्तर खोटंही नसतं.

माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगते. जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात एका पाड्याचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पुरात वाहून गेला. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की शाळेची पोरं अलीकडेच अडकायची, आजारी माणसाला झोळीत घालून लांबच्या वाटेने न्यावं लागायचं. गावकरी आमदारांकडे आले, आम्ही प्रश्न दिला. पहिल्या अधिवेशनात तो एका खात्याकडे गेला. उत्तर आलं, सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. पुढच्या अधिवेशनात दुसऱ्या खात्याकडे दिला. उत्तर आलं, हे खरे नाही. मी चक्रावले. चौकशी केली तेव्हा कळलं, की आम्ही पाड्याचं नाव लिहिलं होतं आणि त्यांच्या नोंदीत तो साकव महसुली गावाच्या नावाने होता. पाड्याच्या नावाने त्यांच्याकडे साकव नव्हताच, मग तो वाहून कसा जाईल? तिसऱ्या अधिवेशनात लक्षवेधी लागली. आमदारांनी फोटो दाखवले, दोन-तीन सदस्यांनी उपप्रश्न विचारले, आणि मंत्री म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याआधी काम पूर्ण करू." गॅलरीत बसून मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्यानंतर निवडणूक लागली. विधानसभा विसर्जित झाली की प्रलंबित प्रश्न आणि सूचना व्यपगत होतात, म्हणजे आपोआप रद्द ठरतात, सभागृहासमोरची विधेयकंही व्यपगत होतात. आमच्या मतदारसंघात आमदार बदलले. नव्या आमदारांच्या कार्यालयात या विषयाचा एक कागदही नव्हता, आणि नसणारच, कारण एकाच्या कार्यालयातले कागद दुसऱ्याकडे द्यायची रीतच नाही. पाड्यावरचे लोक पुन्हा पहिल्यापासून अर्ज घेऊन फिरू लागले. तो विषय तरला तो एका वहीमुळे.

मेन रोडवरून आणलेली लांबडी, लाल पाठीची, हिशेबाची वही. मी तिच्यात रकाने आखले होते: अधिवेशन, प्रश्न क्रमांक, गाव, खातं, उत्तराची तारीख, उत्तराचे नेमके शब्द, उपप्रश्नाला मंत्री काय म्हणाले, आणि शेवटचा रकाना "पुढे काय झालं". त्या वहीचं पान झेरॉक्स करून मी नव्या आमदारांच्या कार्यालयात नेऊन दिलं. त्यांनी तारीख आणि मंत्र्यांचं वाक्य उद्धृत करून नवा प्रश्न विचारला. स्वतःचंच वाक्य समोर आल्यावर "खरे नाही" म्हणता येत नाही. साकव झाला. पहिल्या प्रश्नानंतर पाचव्या वर्षी.

आधुनिकीकरण म्हणजे मला हेच म्हणायचं आहे. एका सहायकाच्या कपाटातली ती वही विधिमंडळाने सगळ्यांसाठी, उघडी, कायमची ठेवायची. प्रश्न विचारला, उत्तर आलं, उपप्रश्नात आश्वासन मिळालं, आश्वासन समितीकडे गेलं, अमुक तारखेला पूर्ण झालं किंवा नाही झालं, हा सगळा प्रवास एका ओळीत दिसला पाहिजे. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी तिथली अपेक्षा असते. आपल्याकडेही आश्वासन समिती आहे, ती खात्यांच्या सचिवांना बोलावून साक्ष घेते, आणि तिचं काम मोलाचं आहे. अडचण एवढीच, की ज्याच्या गावाचा साकव आहे त्याला हा प्रवास घरबसल्या दिसत नाही. "तपासून घेऊ", "सकारात्मक विचार करू" आणि "करू" या तीन बोलण्यांतलं कुठलं आश्वासन धरलं गेलं आणि कुठलं सोडून दिलं, हेही त्याला कळत नाही. मंत्री बोलल्यावर आठवडाभरात "हे आश्वासन म्हणून नोंदलं" किंवा "नोंदलं नाही" एवढं जरी जाहीर झालं, तरी सभागृहातल्या बोलण्याला वेगळं वजन येईल.

तुम्ही सॉफ्टवेअरमधले आहात म्हणून इथे जरा थांबते, कारण खरी मेहनत याच जागी आहे.

विधिमंडळाच्या कामकाजाच्या प्रती पीडीएफमध्ये मिळतात. त्यांतल्या जुन्या म्हणजे छापील पानांच्या स्कॅन प्रती. मधल्या काळातला मजकूर सरकारी कार्यालयांत युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकला जायचा. डोळ्यांना मराठी दिसतं, पण कॉपी करून पाहिलं तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा हाती येतो. म्हणजे शोधायला गेलात तर यंत्राच्या लेखी तिथे मराठी नाहीच. हे सगळं युनिकोडमध्ये आणणं ही पहिली पायरी.

दुसरी पायरी मराठीच्या स्वभावाची. इंग्रजीसाठी बनवलेला शोध इथे पांगळा पडतो. "कांदा" शोधलात तर "कांद्याच्या भावात", "कांद्याला अनुदान" हाती लागत नाही, कारण आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी शब्दच रूप बदलतो. पाणी-पाण्याचा, सुरगाणा-सुरगाण्यातील, शाळा-शाळेच्या. नाशिकची तर आणखी तऱ्हा. जुन्या कागदांत "नासिक" आहे, नव्यात "नाशिक", आणि बोलताना सदस्य "नाशकात" म्हणतात. येवला आणि येवले दोन्ही सापडतं. "पेठ" शोधलं तर आपल्या तालुक्यासोबत पुण्यातल्या साऱ्या पेठा येतात. "शेतकऱ्यांच्या" हा शब्द दोन वेगळ्या कळक्रमांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. आकडे कुठे देवनागरी, कुठे रोमन. सामान्यरूपं ओळखणारा, अशी जोडरूपं एक करणारा आणि अंकांचे दोन्ही संच समान मानणारा शोध मराठीसाठी मुद्दाम घडवावा लागेल. तो घडवला तर त्याचा उपयोग न्यायालयं, जिल्हा परिषदा, महापालिका सगळ्यांना होईल.

तिसरी पायरी जागेची. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने प्रत्येक गाव आणि ग्रामपंचायतीला संकेतांक दिलेले आहेत. प्रश्नात गाव आलं की तो संकेतांक जोडायचा आणि पाड्यांची नावं त्या महसुली गावाखाली नोंदवायची. हे आधी असतं तर आमच्या साकवाचं उत्तर दुसऱ्याच अधिवेशनात आलं असतं. रस्ता कोणाच्या अखत्यारीत, हा वाद प्रश्न दाखल होतानाच सुटायला हवा. तो सोडवण्यात अधिवेशनं खर्ची पडू नयेत.

आणि नोंद होते कशी, तेही ठाऊक असावं. सभागृहाच्या मधोमध प्रतिवेदक बसतात. काही मिनिटं टिपण घेतात, उठतात, दुसरा येऊन बसतो. पहिला जाऊन आपला भाग उतरवून काढतो. त्या पानांवर "असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही" असं छापलेलं असतं. गोंधळात चारजण एकदम बोलत असताना कोण काय म्हणालं हे वेगळं काढणारे हे लोक मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बोलण्याचा मजकूर करणारी यंत्रणा आता मराठीतही बऱ्यापैकी चालते. तिने कच्चा मसुदा द्यावा आणि प्रतिवेदकाने तो तपासावा, म्हणजे दिवसाचं कामकाज त्याच रात्री वाचायला मिळेल. माणूस काढून यंत्र बसवायचा विचार मात्र कोणी करू नये. बागलाण-कळवणकडचा सदस्य भावनेच्या भरात अहिराणीत शिरतो, तेव्हा यंत्र भलतंच लिहितं. तिथे जाणता कानच लागतो.

आता कागदविरहित विधानसभांकडे. ऑगस्ट २०१४ मध्ये हिमाचल प्रदेशची विधानसभा देशात पहिल्यांदा कागदविरहित झाली. त्या धर्तीवर केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने सर्व राज्यांसाठी "नेवा" नावाची प्रणाली आणली आणि मार्च २०२२ मध्ये नागालँडने तिच्यावर संपूर्ण कामकाज चालवलं. बहुतेक राज्यांसाठी खर्चाचा साठ टक्के भार केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा, ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांसाठी नव्वद-दहा. प्रश्न, उत्तरं, विधेयकं, समित्यांचे अहवाल, कामकाजाचा क्रम सगळं सदस्याच्या समोरच्या पडद्यावर येतं. हे चांगलंच आहे. छपाई वाचते, गठ्ठे वाहणं थांबतं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून फाइलींची खोकी भरून गाड्या निघतात, ते ज्याने पाहिलं आहे त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

पण पडद्यावर "प्रश्न उद्भवत नाही" वाचलं काय आणि कागदावर वाचलं काय, उत्तर तेच राहतं. प्रणाली घेताना आपण तिच्याकडून काय मागतो हे महत्त्वाचं. सदस्याला कागद पोचवण्यापुरती ती घेतली तर ती पोस्टमनचं काम करेल. नागरिकाला माग काढता यावा, सगळा मजकूर यंत्राला वाचता येईल अशा रूपात बाहेर मिळावा, ही मागणी पहिल्या दिवसापासून केली तर ती वहीचं काम करेल. नंतर जोडू म्हटलेली गोष्ट सरकारी कामात सहसा जोडली जात नाही, हा माझा अनुभव.

बटण दाबून मतदानाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे", आणि मग "होयचे बहुमत". मतविभागणी मागितली नाही तर कोण कुठल्या बाजूला होतं याची नोंद राहत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशापुढे सदस्याला फारशी मोकळीक उरली नाही हे खरं, तरीही माझ्या आमदाराने एखाद्या कायद्याला काय मत दिलं आणि तो त्या वेळी सभागृहात हजर तरी होता का, हे मला कळायला हवं. तेवढ्यासाठी बटण हवं.

विधेयकांचा भाग मला याहून जास्त टोचतो. अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत विधेयकं एकामागून एक येतात. सकाळी प्रत हातात पडते, दुपारी ते पुरःस्थापित होतं, म्हणजे सभागृहात मांडलं जातं, आणि लगेच खंडशः, म्हणजे कलमवार, विचार: खंड २ ते अमुक विधेयकाचा भाग झाला पाहिजे, होय, झाला. आमदारांसाठी टिपण करायला मला कधी कधी तासभरही मिळायचा नाही. एवढ्या वेळात मी फक्त दोन ठिकाणं वाचायची. एक, शेवटी जोडलेलं उद्देश व कारणांचं निवेदन. दुसरं, प्रत्यायोजित विधानाबाबतचं ज्ञापन, म्हणजे कायद्याखाली नियम करण्याचे कोणकोणते अधिकार सरकार स्वतःकडे ठेवतं आहे याची यादी. दुसऱ्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, आणि पुढे जाचक ठरणाऱ्या बऱ्याच तरतुदी त्या वाटेनेच नियमांत उतरतात.

यावर उपाय परदेशात शोधायला नको. केरळने १९८० मध्ये विषय समित्या सुरू केल्या. तिथे विधेयकं विषय समितीकडे जातात, आणि अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा झाली की खात्यांच्या खर्चाच्या मागण्याही समित्या तपासतात, त्या काळात सभागृह थांबतं. संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या आहेत, आज त्या २४ आहेत. समितीत कॅमेरा नसतो, म्हणून घोषणाही नसतात. सत्ताधारी सदस्य तिथे सचिवाला जे प्रश्न विचारतो ते सभागृहात विचारणार नाही. आमचे एक आमदार म्हणायचे, की मी समितीत खरा आमदार असतो. मला ते पटायचं.

महाराष्ट्रालाही हे नवं नाही. महिलांवरील अत्याचारांविरुद्धचं, २०२० साली मांडलेलं शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि वर्षभराने बदलांसह संमत झालं. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा लोकांकडून १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. पुढे जुलै २०२५ मध्ये ते संमत झालं. त्या कायद्याबद्दल कोणाचं मत काहीही असो, विचारलं तर लोक लिहितात हे त्यातून दिसलं. मग पुढची पायरी सरळ आहे: आलेल्या सूचना विषयवार लावून प्रसिद्ध कराव्यात, आणि कोणती मानली, कोणती नाही, का नाही, हे समितीने आपल्या अहवालात लिहावं. केंद्र सरकारने २०१४ मध्ये असं धोरण ठरवलं, की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. राज्यात विधिमंडळाने हे स्वतःच्या नियमांत आणावं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २०८ प्रमाणे सभागृह आपले नियम आपण करतं. नियम समिती बसली आणि दोन्ही बाजूंनी मनावर घेतलं तर एका वर्षात होण्यासारखं काम आहे.

कायद्याला वेळ दिला तर काय होतं, याचं आपल्याच घरचं उदाहरण आहे. रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली. ते १९६० पासून अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. आधी तासगावच्या भागात प्रयोग झाला, मग १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, आणि त्यानंतर १९७७ चा कायदा झाला. आधी अनुभव, मग कलमं. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तो याच वाटेने. विधान भवनातलं संसदीय प्रशिक्षण केंद्र पागेंच्या नावाने आहे. नव्या आमदारांना तिथे रोजगार हमी कायद्याचा हा प्रवास तपशिलाने शिकवावा असं मला फार वाटतं.

बैठकींच्या दिवसांबद्दल: राज्यघटना फक्त एवढंच सांगते, की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये मोठ्या विधानसभांसाठी वर्षाला किमान ९० दिवस सुचवले होते. आपण त्याच्या आसपासही नाही. दिवस कमी असले की पहिला बळी प्रश्नोत्तराच्या तासाचा जातो. यादीतले पहिले काही प्रश्नच तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांना फक्त लेखी उत्तर. गदारोळात तास वाहून गेला तर त्या पहिल्या प्रश्नांवरही तोंडी चर्चा होत नाही. २८८ जणांच्या सभागृहात गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, २९ जण पुरतात. रात्री उशिरापर्यंत नियम २९३ खालची, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची, चर्चा चालू असताना बाकं ओस पडलेली मी पाहिली आहेत. शेतीवरचं, सिंचनावरचं उत्तम भाषण त्या रिकाम्या बाकांसमोर झालेलं असतं आणि सकाळच्या पेपरात त्याची ओळही नसते. शोधता येणारी नोंद झाली तर निदान ते भाषण सापडेल.

थेट प्रक्षेपण सुरू राहायलाच हवं. त्यात एक पेच आहे. अध्यक्ष एखादा शब्द कामकाजातून काढून टाकतात, तोवर तो लाखो मोबाइलवर गेलेला असतो. अनुच्छेद ३६१क कामकाजाचं खरंखुरं वृत्त देणाऱ्याला संरक्षण देतो, पण काढून टाकलेला भाग दाखवत राहणं हा हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. म्हणून अधिकृत चित्रफीत विषयवार तुकडे करून, त्या त्या प्रश्नाला जोडून, विधिमंडळानेच त्याच दिवशी द्यावी. मग लोक बाहेरची कापलेली क्लिप कशाला बघतील? आपल्या सदस्याने आपल्या धरणाबद्दल काय विचारलं आणि मंत्री काय म्हणाले, एवढे चार मिनिटं त्यांना हवे असतात.

आमदारांच्या मनुष्यबळाबद्दल मी बोलले तर ते स्वतःच्या व्यवसायाबद्दल बोलणं होईल, तरी बोलते. एका सहायकाकडे बदल्यांची पत्रं, दवाखान्यातले फोन, लग्नपत्रिका, निधीची पत्रं, आणि उरलेल्या वेळात विधेयकं. संसदेत खासदारांसोबत काम करणारे तरुण अभ्यासक पाहिले की वाटतं, प्रत्येक आमदाराला असा एकजण तरी हवा, ज्याच्याकडे फक्त वाचण्याचं आणि तपासण्याचं काम आहे. तो पक्षाचा नसावा, विधिमंडळाच्या ग्रंथालयाशी जोडलेला असावा, आणि आमदार बदलले तरी मतदारसंघाची नोंद त्याच्याकडे राहावी. दोन्ही सभागृहांचे मिळून साडेतीनशेहून थोडे जास्त तरुण. राज्याच्या अर्थसंकल्पात हा खर्च नजरेतही भरणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: नाशिकच्या माणसाला काय उपयोग, आणि तुम्ही काय करू शकता.

नाशिक जिल्ह्यात १५ विधानसभा मतदारसंघ आहेत. लासलगावच्या बाजारात कांदा ओतणारा शेतकरी, मालेगावचा यंत्रमागवाला, अंबड-सातपूरचा कामगार, सुरगाण्यात टँकरची वाट पाहणारी बाई, यांच्या विषयांवर दर अधिवेशनात प्रश्न लागतात. सिंहस्थ जवळ आला की घाट, रस्ते, सांडपाणी, साधुग्राम यांवर प्रश्नांचा पाऊस पडतो. आधीच्या सिंहस्थाच्या वेळी गोदावरीच्या पाण्याबद्दल कोणतं उत्तर दिलं होतं, हे आज कोणी विचारलं तर काढायला आठवडे लागतील. ते एका मिनिटात निघालं पाहिजे.

सरकारची वाट न बघता सुरुवात करता येते. एकच अधिवेशन घ्या. त्यातले फक्त या १५ मतदारसंघांशी जोडलेले तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी निवडा. तीन-चारजण मिळून साध्या तक्त्यात भरा: प्रश्न, गाव, संकेतांक, खातं, उत्तर, मंत्र्यांचं वाक्य, तारीख. उत्तराचा मजकूर बदलू नका, स्वतःचं भाष्य त्यात मिसळू नका. पक्षाचं नाव दिसलं नाही तरी चालेल, गावाचं नाव दिसलंच पाहिजे. मग त्या गावातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा ग्रामपंचायत सदस्याला फोन करून विचारा, काम झालं का, आणि त्याचं उत्तर शेवटच्या रकान्यात तारखेसह टाका. विधी महाविद्यालयाची मुलं यात आनंदाने येतात, मी त्यांच्यापुढे दोनदा बोलले आहे. हे काम सार्वजनिक वाचनालयाच्या एखाद्या टेबलावर बसूनही होईल. नमुना उभा राहिला की तो घेऊन विधिमंडळ सचिवालयाकडे जाता येईल. कागदावरच्या कल्पनेपेक्षा चालू असलेली गोष्ट पाहून अधिकारी लवकर हो म्हणतात.

माझ्याकडे अशा सात वह्या आहेत. आमदारांची खाजगी पत्रं त्यांत नाहीत, फक्त सभागृहात दिलेली उत्तरं आणि आश्वासनं आहेत, त्यामुळे द्यायला काही हरकत नाही. रविवारी सकाळी गंगापूर रोडला आमच्याकडे या, स्कॅनर घेऊन या. शेवटचा रकाना कोरा असलेल्या नोंदींच्या पानांना मी आधीच खुणा घालून ठेवते, तिथून सुरू करू.